शून्य डाउन पेमेंट, पण हिवाळ्याचं काय?

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हमीवर ग्रामीण भागात डाउन पेमेंटशिवाय राहतं घर घेता येतं. घर खात्यानं ग्रामीण ठरवलेल्या भागात हवं आणि कुटुंबाचं उत्पन्न साधारण तिथल्या मध्यक उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत. सोबत राहणारे आईबाबा कमवत असतील तर तेही मोजतात. आपल्यासारख्यांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी चालत नाही.

आता कोलोरॅडोतलं लेडव्हिल बघा. गाव १०,००० फुटांहून उंच. तिथले बरेच जण कामासाठी ११,००० फुटांवरची फ्रीमाँट खिंड ओलांडून शेजारच्या समिट काउंटीत जातात. पेट्रोल, बर्फाचे टायर, हीटिंगचं बिल यातलं काहीच हप्त्यात दिसत नाही. पात्र आहात की नाही ते बँक सांगेल. परवडतं का, ते जानेवारीत तिथे जाऊन आपणच बघायचं.