नेमक्या जंतूवर नेमके औषध : मावळचा पावसाळा आणि प्रतिजैविकाची निवड (लेखांक ७)

प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, निवड सहा प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. आजार जिवाणूंमुळे झाला आहे का? संसर्ग शरीराच्या कोणत्या भागात आहे? त्या भागात, त्या परिसरात आणि त्या ऋतूत तो बहुधा कोणत्या जिवाणूमुळे होतो? त्या जिवाणूवर कोणते औषध अजून लागू पडते? ते या रुग्णाला चालेल का? आणि ते किती दिवस द्यायचे? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर पुढचे पाच प्रश्न उरत नाहीत. सर्दी, फ्लू आणि डेंगी हे विषाणूंचे आजार आहेत आणि विषाणूंवर कोणतेही प्रतिजैविक काम करत नाही.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘पॉवरची गोळी’ यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. औषध किती ‘भारी’ आहे यापेक्षा ते त्या जंतूवर चालते का, याला महत्त्व आहे. मावळ तालुक्यातल्या पावसाळी तापांत हे स्पष्ट दिसते.

भातलावणी आणि लेप्टो

लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत खरिपाचे मुख्य पीक भाताचे. चिखलणी आणि लावणी चालते तेव्हा माणसे दिवसभर अनवाणी खाचरात उभी असतात. उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या लघवीवाटे लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू बाहेर पडतात आणि साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात. पायाला पडलेली चीर, चिखल्यांनी सोललेली बोटांमधली कातडी, डोळ्यांचा आणि तोंडाचा ओला पडदा यांतून ते शरीरात शिरतात.

साधारण ५ ते १४ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून ताप येतो; हाच लेप्टो. डोके दुखते, पोटऱ्या हात लावू देत नाहीत आणि डोळे चिपडे न येता लाल होतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण काहींना कावीळ होते, लघवी कमी होते किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होतो. हा टप्पा जिवावर बेतू शकतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती.

खरी अडचण तपासणीच्या वेळेची आहे. नेहमी केली जाणारी आयजीएम चाचणी जंतू शोधत नाही, ती शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती रक्तात दिसू लागायला ५ ते ७ दिवस लागतात. त्यामुळे तापाच्या दुसऱ्या दिवशी अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, तरी लेप्टो नाही असे म्हणता येत नाही. मलेरिया आणि डेंगीची तपासणी करून, खाचरातले काम आणि लक्षणे यांवरून डॉक्टर अहवालाआधीच उपचार सुरू करतात, ते यासाठीच. सौम्य आजारात प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस दिले जाते. आजार गंभीर असेल, तर रुग्णालयात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन द्यावे लागते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवत-झुडपांत वावरणाऱ्यांना स्क्रब टायफस हा दुसरा ताप येऊ शकतो. चिगर नावाच्या अगदी बारीक अळ्या चावल्याने तो होतो. चावल्याची जागा दुखत नाही. तिथे काळी खपली धरते. काख, जांघ किंवा कंबरेचा पट्टा नीट पाहिला नाही, तर ती नजरेतून निसटते. याचे जंतू पेशींच्या आत राहतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखे महागडे इंजेक्शन त्यांच्यावर चालत नाही; डॉक्सिसायक्लिनची स्वस्त गोळी वेळेवर दिली, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. ‘भारी’ औषध हरते आणि साधे औषध जिंकते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

टायफॉइडचे गणित मात्र वेगळे आहे. दूषित पाणी आणि अन्नातून होणाऱ्या या आजारावर एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिन हमखास लागू पडे. आता भारतातले बहुतेक टायफॉइडचे जंतू त्याला पुरेशी दाद देत नाहीत. म्हणून घरी उपचार घेणाऱ्या रुग्णाला अझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम, तर दाखल रुग्णाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिले जाते. निदानासाठी पहिल्या आठवड्यातले रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, उत्तम. एकदाच केलेल्या विडाल चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

नेहमीचे संसर्ग

घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. खोकला आणि वाहते नाक सोबत असेल, तर प्रतिजैविकाची गरज सहसा नसते. ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि गळ्यात दुखऱ्या गाठी असतील, तर स्ट्रेप्टोकोकसचा संशय घेतला जातो. विशेषतः मुलांमध्ये त्यावर उपचार झाले नाहीत, तर पुढे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. यावर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन १० दिवस देतात. मावळच्या शेजारी, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. घशातला हा स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनला दाद देतो.

लहान मुलाच्या खोकल्यात श्वास मोजावेत. २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर न्यूमोनियाची शंका घेऊन मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेळी पहिली निवड अमॉक्सिसिलिनची असते. छाती आत ओढली जात असेल किंवा मूल दूध पीत नसेल, तर रुग्णालय गाठावे.

स्त्रियांमध्ये लघवीला जळजळ होण्यामागे बहुधा ई. कोलाय हा जिवाणू असतो. संसर्ग मूत्राशयापुरताच असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅम एकदाच पुरते. थंडी वाजून ताप येणे आणि कुशीत दुखणे ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची खूण आहे. तिथे नायट्रोफ्युरँटॉइन पुरेसे पोचत नाही, म्हणून जंतू तोच असला तरी औषध बदलते.

पाण्यासारख्या जुलाबांवर मुख्य उपचार ओआरएस. मुलांना त्याबरोबर झिंक. शौचात रक्त पडत असेल किंवा कॉलराची शंका असेल, तरच प्रतिजैविकाचा विचार होतो. पिकलेल्या गळवाला आधी चीर देऊन पू काढावा लागतो, कारण साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. भोवतालची कातडी लाल होऊन पसरत असेल, तर सेफॅलेक्सिन किंवा क्लॉक्सासिलिनसारखे औषध दिले जाते.

कल्चर काय सांगते

प्रयोगशाळेत रुग्णाच्या लघवीतले किंवा पुवातले जिवाणू वाढवून ते एका चपट्या काचेच्या बशीत पसरतात आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीभर जिवाणूंची गढूळ साय धरलेली असते. जे औषध चालते, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते; जे चालत नाही, त्याच्या कडेपर्यंत साय पोचलेली असते. या वर्तुळाचा व्यास मोजून अहवाल तयार होतो. त्याला सहसा २-३ दिवस लागतात. म्हणून नमुना औषधाचा पहिला डोस देण्याआधी घ्यावा, उपचार अंदाजाने सुरू करावेत आणि अहवाल आल्यावर शक्य तितके मर्यादित पल्ल्याचे औषध ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे ‘अ‍ॅक्सेस’, ‘वॉच’ आणि ‘रिझर्व्ह’ असे तीन गट केले. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात येतात. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन दुसऱ्या. कोलिस्टिनसारखी राखीव औषधे तिसऱ्या. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी ठरवलेल्या लक्ष्यानुसार माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत. भारतात शेड्यूल एच-१ चा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातली औषधे चिठ्ठीवरच द्यायची आणि त्यांची नोंद दुकानदाराने ३ वर्षे ठेवायची असते.

रुग्ण आणि दिवस

योग्य औषधही प्रत्येकाला चालत नाही. गर्भवतीला डॉक्सिसायक्लिन टाळतात. ८ वर्षांखालील मुलांनाही ते साधारणपणे देत नाहीत, मात्र स्क्रब टायफससारख्या आजारात डॉक्टर अपवाद करतात. मूत्रपिंड कमजोर असेल, तर अनेक औषधांचे डोस बदलतात. डॉक्सिसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. अ‍ॅसिडिटीची किंवा लोहाची गोळी तिच्या सोबत घेऊ नये. क्षयाची शंका असताना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतल्यास आजार झाकला जातो आणि निदान लांबते.

कमी डोस घेतल्याने जंतू निर्ढावतात, असा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. गरजेपेक्षा अधिक दिवस घेतलेले औषधही शरीरातल्या इतर जिवाणूंना प्रतिकार शिकवते. म्हणून ठरवून दिलेले दिवस तेवढेच पाळावेत आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊ नयेत.

मावळातल्या शेतकऱ्याने लावणीच्या दिवसांत ताप आला, तर तो अंगावर काढू नये. दवाखान्यात गेल्यावर चार गोष्टी आपणहून सांगाव्यात : खाचरात किंवा गोठ्यात किती दिवस काम केले, ताप कधीपासून आहे, कोणती औषधे आधी घेतली आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे. या चार उत्तरांवरून डॉक्टरांना निम्मी निवड करता येते.