मोजपट्टी कोणाची? आमिश शाळांवरच्या संशोधनातून शिकण्यासारखं

शिक्षणावर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या मसुद्यातलं शीर्षक बहुधा असं असतं : 'अमुक शाळेतील विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीचा तौलनिक अभ्यास'. मग दोन गट, एक चाचणी, टी-टेस्ट आणि निष्कर्ष. यात चूक काही नाही. पण शाळा ज्यासाठी काढली आहे ते त्या चाचणीत येतं का, हा प्रश्न बरेचदा राहूनच जातो. तो का महत्त्वाचा आहे हे समजायला अमेरिकेतल्या आमिश लोकांच्या प्राथमिक शाळा हे उत्तम उदाहरण आहे.

आधी शाळा समजून घेऊ

आमिश हा ख्रिस्ती समाज. शेती, साधा पोशाख, घोडागाडी यांसाठी आपल्याला ऐकून माहीत असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची मुलं गावच्या एकखोली सरकारी शाळेतच जात होती आणि पालकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पुढे सरकारने छोट्या शाळा बंद करून मोठ्या एकत्रित शाळा काढायला सुरुवात केली. मुलं बसने लांब जाणार, अनोळखी शिक्षक शिकवणार, आठवीनंतर हायस्कूलही सक्तीचं होणार. इथे वाद पेटला. 1965 साली आयोवा राज्यात अधिकारी मुलांना सरकारी शाळेत न्यायला आले, तेव्हा मुलं मक्याच्या शेतात पळाली. तो फोटो देशभर छापून आला. या सगळ्या काळात आमिशांनी स्वतःच्या शाळा काढल्या. पहिली 1925 मध्ये डेलावेअरला, नंतर 1938 पासून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात आणि पुढे इतरत्र.

या शाळा पहिली ते आठवीच्या. सगळे वर्ग एकाच खोलीत, शिक्षिका बहुधा एकच. ती त्याच समाजातली तरुण मुलगी असते आणि तिचं स्वतःचं शिक्षणही साधारण आठवीपर्यंतच झालेलं असतं. ती एका इयत्तेचा पाठ घेते तेव्हा बाकीची मुलं आपापला अभ्यास करतात आणि लहानांच्या कानावर मोठ्यांचा धडा आपोआप पडत राहतो.

आता गंमत बघा. दिवसाची सुरुवात बायबलवाचन, प्रार्थना आणि गाण्यांनी होते, पण बहुतेक शाळांत धर्म हा वेगळा विषय म्हणून शिकवत नाहीत. धर्माचा अर्थ सांगणं हे घराचं आणि चर्चचं काम, असं ते मानतात. शिवाय आमिशांमध्ये बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या निर्णयाने घेतात. म्हणजे शाळेतली मुलं अजून चर्चची सदस्यही नसतात. मग श्रद्धा आणि वारसा शाळेत येतो कुठून? रोजच्या वागण्यातून. मोठ्याने लहानाला मदत करायची, स्वतःची फुशारकी मारायची नाही, दिलेलं काम पूर्ण करायचं.

भाषांचं पण असंच आहे. घरी पेनसिल्व्हेनिया डच. नाव डच असलं तरी ही जर्मनची एक बोली आहे. शाळेचं माध्यम इंग्रजी. आणि बायबल व प्रार्थनागीतं वाचता यावीत म्हणून शाळेत थोडी ग्रांथिक जर्मन. बरीचशी मुलं इंग्रजी खऱ्या अर्थाने शिकतात ती शाळेत आल्यावर.

चाचणीत काय निघालं?

जॉन हॉस्टेटलर आणि गर्ट्रूड हंटिंग्टन यांनी या मुलांच्या प्रमाणित चाचण्या घेतल्या आणि ग्रामीण सरकारी शाळांतल्या मुलांशी तुलना केली. त्यांचं आमिश बालकांवरचं पुस्तक 1971 चं. शुद्धलेखन, शब्दांचा वापर आणि अंकगणित यांत आमिश मुलं पुढे होती. आकलनात दोन्ही गट बरोबरीचे. शब्दसंग्रहात मात्र आमिश मुलं मागे.

फक्त शेवटचं वाक्य उचललं तर बातमी होते : 'आमिश शाळेतल्या मुलांची भाषा कच्ची'. पण चाचणी इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही त्यांची दुसरी भाषा. घरी टीव्ही नाही, रेडिओ नाही. त्यांचे घरातले, शेतातले शब्द त्या चाचणीत मोजलेच गेले नाहीत. आपण सायन्सवाले उपकरण वापरण्याआधी कॅलिब्रेशन तपासतो ना, तसंच इथे. चाचणी जे मोजते असं आपण म्हणतो, तेच ती या मुलांच्या बाबतीत मोजते का? यालाच वैधता किंवा व्हॅलिडिटी म्हणतात.

आणि उलट बाजूनेही सावध राहायला हवं. अंकगणितात ही मुलं पुढे आहेत म्हणून 'एकखोली शाळा श्रेष्ठ' असंही म्हणता येत नाही. दोन गटांत फक्त शाळेचा फरक नाही. घर, काम, करमणूक, आईवडिलांची शिस्त, सगळंच वेगळं आहे. शाळेचा परिणाम त्यातून सुटा करायला नुसती सरासरीची तुलना पुरत नाही.

कोर्टात गेलेलं संशोधन

विस्कॉन्सिन राज्यात सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. तीन पालकांनी आठवीनंतर मुलांना हायस्कूलला पाठवलं नाही, म्हणून प्रत्येकी 5 डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1972 मध्ये 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' या खटल्यात निकाल पालकांच्या बाजूने लागला. हायस्कूलची सक्ती केली तर हा समाजच मोडेल, अशी साक्ष हॉस्टेटलर यांनी दिली होती. ते स्वतः आमिश घरात जन्मलेले. आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही, हे खरं. पण आतल्या माणसाचं प्रेमही निष्कर्षात उतरू शकतं. म्हणून आपलं विषयाशी नातं काय, हे प्रबंधात लिहावंच लागतं.

न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं. त्यांचा मुद्दा : पालकांचं म्हणणं ऐकलं, पण मुलांचं काय? तीन मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. आपल्या कितीतरी प्रबंधांतही शाळा, शिक्षक, पालक सगळे बोलतात, फक्त मूल बोलत नाही.

प्रस्ताव लिहिताना

चाचणी निवडण्याआधी तीन गोष्टी एका कागदावर लिहून काढा. ही शाळा कशासाठी काढली आणि कोणी? चाचणीची भाषा मुलाच्या घरची आहे का? आणि माहिती कोणाच्या तोंडून येणार आहे, त्यात मूल आहे का? मुलांशी बोलायचं असेल तर पालकांच्या संमतीसोबत मुलाची स्वतःची तयारीही विचारा. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना हा रकाना बरेच जण घाईत भरतात.

यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर प्रश्नावली छापायला टाकू नका. आधी आठवडाभर त्या शाळेत मागच्या बाकावर बसून या.