गुलाबाची तहान

फुलवाल्याकडून आणलेला गुलाब दुसऱ्याच दिवशी मान का टाकतो? फुलशेती हा माझा शिकवण्याचा विषय असल्यानं हा प्रश्न मला लग्नघरी विचारतात, दवाखान्यात कुणाला भेटायला गेलो तर तिथं विचारतात आणि जिन्यात शेजारी भेटले तरी विचारतात. बरं, विचारणाऱ्यानं उत्तरही ठरवलेलं असतं : 'शिळी फुलं गळ्यात मारली हो त्यानं!' कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा तो गुलाब शिळा नसतो, तहानलेला असतो. श्रोतेहो, आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, की आपल्या घरातला गुलाब वय होऊन जातो असं फारसं घडत नाही. बहुधा तो भरल्या फुलदाणीत उभा राहून तहानेनं जातो आणि त्याची तहान भागवणं आपल्याला जमण्यासारखं असतं.

आधी गुलाब कोणता ते पाहू. वर्तमानपत्रातले फुलांचे बाजारभाव वाचलेत तर तिथं दोन वेगळ्या नोंदी दिसतील. एक 'गुलाब गड्डी' आणि दुसरी 'डच गुलाब (२० नग)'. पहिला उघड्या शेतातला. पूजेला, हाराला, केसात माळायला तो उत्तम. त्याचा देठ आखूड आणि उमलण्याची घाई फार. त्यानं फुलदाणीत आठवडाभर राहावं अशी अपेक्षा धरू नये. दुसरा पॉलीहाऊसमधला, लांब सरळ दांड्याचा. 'डच' म्हटलं तरी तो हॉलंडहून येत नाही. या जातींची पैदास बरीचशी तिकडे झाली म्हणून हे नाव चिकटलं. फूल मात्र आपल्या मावळातलं असतं. तळेगाव दाभाडे परिसरात पॉलीहाऊसची मोठी वसाहतच आहे आणि फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन डेसाठी इथून गुलाब परदेशीही जातात. लाल 'ताजमहाल', 'टॉप सिक्रेट', पिवळा 'गोल्ड स्ट्राइक', पांढरा 'अ‍ॅव्हलांच' ही नावं फुलबाजारात सर्रास ऐकू येतात. या गुलाबांना वास नाही, अशी तक्रार असते. ती रास्त आहे. टिकाऊपणा, रंग आणि लांब दांडा यांच्यासाठी निवड करता करता सुगंध मागे पडला.

हा गुलाब आपल्यापर्यंत कसा पोचतो? शेतकरी तो घट्ट कळी असताना, बाहेरची एखाददुसरी पाकळी सैल होऊ लागली की कापतो. कापल्याबरोबर बादलीतल्या पाण्यात ठेवतो. मग शीतगृहात, साधारण दोन ते चार अंश तापमानाला. कापलेलं फूलही जिवंत असतं, श्वास घेत असतं आणि गारव्यात तो श्वास मंदावतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वासाचा वेग दुपटीच्या वर जातो, म्हणजे साठवलेलं अन्न तितक्याच झपाट्यानं संपतं. पुढं प्रतवारी होते, वीस फुलांची गड्डी बांधून तिला पुठ्ठ्याचं वेष्टण घालतात, खोक्यात भरतात आणि रातोरात ती गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नाहीतर दादरच्या फूलबाजारात पोचते. या प्रवासात गुलाब कोरडा असतो आणि इथंच सगळ्याचं मूळ आहे.

देठात केसाहून बारीक अशा अनेक नळ्या असतात. पानं आणि पाकळ्यांमधून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीनं खालचं पाणी नळ्यांतून वर चढतं. ही पाण्याची अखंड साखळी असते. कोरड्या देठाच्या टोकातून नळ्यांमध्ये हवा शिरली की साखळी तुटते. नंतर देठ पाण्यात ठेवला तरी मध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. दुसरा शत्रू जिवाणू. पाण्यात बुडालेली पानं कुजतात, पाणी बुळबुळीत होतं आणि ते जिवाणू नळ्यांची तोंडं बुजवून टाकतात. सर्वात आधी हाल होतात ते कळीच्या खालच्या कोवळ्या मानेचे. तिथं पाणी पोचलं नाही की मान वाकते. पाकळ्या अजून कोवळ्या, रंग अजून टवटवीत आणि फूल मात्र खाली बघतंय, असं दिसलं की ती तहानच समजावी.

आता खरेदी. फुलवाल्याशी हुज्जत न घालता दोन मिनिटं फूल नीट पाहावं. कळीचा तळाचा भाग, म्हणजे हिरव्या निदलांच्या लगेच वरचा, दोन बोटांत अगदी हलकेच दाबून पाहा. टणक लागला तर फूल ताजं. कापसासारखा मऊ लागला तर त्याचे दिवस भरत आले आहेत. मग पानं पाहा. ती ताठ, गर्द हिरवी हवीत. देठाचं टोक काळं किंवा चिकट नको. बादलीतल्या पाण्याला वास येत असेल तर त्या दुकानातून गुलाब घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो. लाल गुलाबावर जांभळट, निळसर झाक दिसली तर ते वय झाल्याचं लक्षण. पाकळ्यांवर बारीक तपकिरी ठिपके असतील तर ती बुरशी आहे आणि दमट हवेत ती दोन दिवसांत अख्खी कळी खाते.

याउलट काही गोष्टींना लोक उगीच नाकं मुरडतात. सर्वात बाहेरच्या एकदोन पाकळ्या हिरवट, जाडसर, जरा वेड्यावाकड्या असतात. त्या राखण करणाऱ्या पाकळ्या. कळीला प्रवासात मार लागू नये म्हणून शेतकरी त्या मुद्दाम ठेवतो. घरी आणल्यावर त्या अलगद काढाव्यात. कळीवर नायलॉनच्या जाळीची टोपी असते, तीही काढून टाकावी. मात्र पाच-सहा पाकळ्या सोलून काढलेला, अंगानं बारीक झालेला गुलाब दिसला तर शंका घ्यावी. बुरशी लपवण्याचा तो सोपा मार्ग असतो. सतत पाणी शिंपडलेल्या फुलांनाही भुलू नये. पाणी मारलेलं फूल ताजं दिसतं, पण असतं फक्त ओलं. आणि निळा गुलाब? दुकानातला गडद निळा गुलाब रंगवलेलाच असतो.

आणखी एक. डच गुलाबाची किंमत दांड्याच्या लांबीवर ठरते. साठ सेंटिमीटरचा दांडा चाळीसपेक्षा महाग. पण घरातली फुलदाणी वीतभर उंचीची असेल तर तो महागाचा दांडा कापून आपण केराच्या टोपलीतच टाकणार. त्यापेक्षा आखूड दांड्याचा, पण आज सकाळी आलेला गुलाब घ्यावा. दुकानदाराला सरळ विचारावं, 'भाऊ, माल कधी आला?' नेहमीच्या गिऱ्हाईकाला तो खरं सांगतो, कारण त्यालाही आपण परत यायला हवे असतो. व्हॅलेंटाइन डेच्या आधी आणि लग्नसराईत भाव चढतात. वाढदिवस, सत्कार यांसाठी गुलाबच हवा असा हट्ट नसेल, तर त्या दिवसांत शेवंती किंवा जर्बेरा घ्यावा.

घरी नेताना गुलाब गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका. स्कूटरवर नेत असाल तर वाऱ्यानं तो फार लवकर सुकतो. वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून, देठांच्या टोकाला ओलं फडकं बांधून न्यावा.

घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. फुलदाणी साबणानं घासून धुवावी, आपण जेवणाचं भांडं धुतो तितकी स्वच्छ. पाण्यात बुडतील तेवढी पानं काढावीत, वरची ठेवावीत. मग देठाचं टोक पसरट भांड्यातल्या पाण्याखाली धरून, धारदार सुरीनं इंचभर तिरकं कापावं. पाण्याखाली कापल्यानं नळ्यांमध्ये हवेऐवजी पाणी शिरतं. तिरकं अशासाठी, की देठ फुलदाणीच्या तळाशी सपाट टेकून त्याचं तोंड बंद होऊ नये. बोथट कात्रीनं देठ चेंगरतो, म्हणून सुरी बरी. कापल्यावर वेळ न घालवता फूल फुलदाणीत.

मी विद्यार्थ्यांना एक प्रयोग करायला लावत असे, तो घरीही करण्यासारखा आहे. एकाच गड्डीतले दोन गुलाब घ्या. एक तसाच पाण्यात ठेवा, दुसरा वर सांगितल्याप्रमाणे कापून. दोघांना जागा एक, पाणी एक. रोज सकाळी दोघांच्या माना पाहा. माझ्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा ते दोन गुलाब मुलांना जास्त शिकवून जात.

आता पाण्यात काय घालावं? इथं घरोघरी वेगळी औषधं. कुणी अ‍ॅस्पिरिन घालतं, कुणी तांब्याचं नाणं, कुणी नुसती साखर. नाण्याचा उपयोग नाही. अ‍ॅस्पिरिनवर भिस्त ठेवू नये. नुसती साखर तर घातकच, कारण फुलाआधी ती जिवाणूंच्या पोटात जाते. फुलाला तीन गोष्टी लागतात : खायला थोडी साखर, पाणी सहज वर चढावं म्हणून किंचित आंबटपणा आणि जिवाणूंना आवर. दुकानात मिळणाऱ्या पुडीत हेच असतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा कपड्यांचं साधं ब्लीच. मात्र ब्लीच आणि लिंबाचा रस एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे भरपूर पाण्यात घालावेत आणि ते पाणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. हे नको वाटत असेल तर रोज पाणी बदला आणि एक दिवसाआड देठ पुन्हा थोडा कापा. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. ज्या सोसायटीत बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून येतं, त्यांनी पिण्याचं पाणी वापरावं. सॉफ्टनरच्या पाण्यातला सोडियम गुलाबाला मानवत नाही.

जागाही नीट निवडावी. पंख्याखाली, उन्हाच्या खिडकीत, टीव्हीजवळ नको. फळांच्या परडीशेजारी तर मुळीच नको. पिकणारी केळी आणि आंबे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्यानं बऱ्याच जातींचे गुलाब लवकर पाकळ्या गाळतात. म्हणूनच फळांनी भरलेल्या फ्रिजमध्ये गुलाब ठेवणंही शहाणपणाचं नाही. गुच्छ हिरव्या स्पंजात खोचलेला असेल तर त्या स्पंजावर रोज पाणी घाला. तो वाळला की आतली हवा देठात जाते. शक्य तर एकदा समारंभ आटोपला की गुलाब त्यातून काढून, कापून फुलदाणीत ठेवावेत.

आणि तरीही मान वाकलीच तर? लगेच टाकून देऊ नका. देठ पाण्याखाली दोन इंच कापा आणि अख्खा गुलाब, पानाफुलासकट, मोठ्या परातीत किंवा टबात तासभर आडवा बुडवून ठेवा. मग कागदात सरळ गुंडाळून खोल पाण्यात रात्रभर उभा करा. वेळेवर लक्षात आलं असेल तर सकाळी तो बहुधा मान वर करून उभा असतो. तळाशी मऊ पडलेला, निळसर झालेला गुलाब मात्र यानं परतत नाही.

एवढं केलं तर चांगला गुलाब आपल्या हवेतही पाच ते सात दिवस सोबत करतो. पॉलीहाऊसमधल्या माणसानं त्याला कित्येक आठवडे जपलेलं असतं, पहाटे उठून कापलेलं असतं, गारव्यात निजवलेलं असतं. रात्रभर ट्रक चालवणारा आणि पहाटे बाजारात गड्ड्या मोजणारा हमाल यांचेही हात त्याला लागलेले असतात. या साखळीतलं शेवटचं घर आपलं. आपल्याकडून मागणी आहे ती एका धारदार सुरीची, स्वच्छ भांड्याची आणि दहा मिनिटांची. आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेलं फूल दुसऱ्या सकाळी खाली मान घालून दिसलं की त्याला काय वाटतं, हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला ही दहा मिनिटं जास्त वाटणार नाहीत.