दुकानाचा कॉम्प्युटर, ‘फॉरमॅट’ आणि विंडोजची बांधलेली गाठ

कापडाच्या पेढीवर कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला पाच मिनिटे माऊस फिरवतो आणि म्हणतो, “शेठ, फॉरमॅट मारावे लागेल.” पाचशे-सातशे रुपये घेतो, मशीन पिशवीत घालून नेतो आणि दुसऱ्या दिवशी चकचकीत करून आणून देतो. आपणही खूश होतो. काय गेले ते मात्र नंतर कळते.

आमच्या बाबतीत ते 2021 साली कळले. गोदामावरच्या लॅपटॉपला असाच फॉरमॅट बसला. दुरुस्तीवाल्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढ्या दोनच जागांची कॉपी काढून ठेवली होती. गोदामाचे हिशोबाचे सॉफ्टवेअर डेटा तिथे ठेवतच नव्हते, तो सी ड्राइव्हमधल्या वेगळ्या फोल्डरात होता. आमचा शेवटचा बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा. म्हणजे मधल्या दोन महिन्यांत कोणत्या लूमवाल्याला किती सूत दिले, किती तागे आले, मजुरी किती चुकती झाली, सगळे पुसले गेले. एका लूमवाल्याचे 38 हजार आमच्याकडे निघत होते. आमच्याकडे कागद नाही, त्याच्याकडे पेन्सिलीने लिहिलेली कच्ची वही. आम्ही त्याच्या वहीवर पैसे दिले. तो इमानदार माणूस होता म्हणून निभावले. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, तो लहानपणापासून ऐकत आलो. लिहिलेले जपण्याची जबाबदारीही त्यातच येते, हे त्या दिवशी ध्यानात आले.

दुसरी गोष्ट त्याहून उशिरा समजली. तो लॅपटॉप आम्ही विकत घेतला तेव्हा त्यात विंडोज 10 होम सिंगल लँग्वेज होते. आपल्याकडे दुकानातून मिळणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर हीच आवृत्ती येते आणि तिचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच असतात. फॉरमॅटनंतर त्यावर ‘प्रो’ बसले होते, म्हणजे चोरीचा माल. तो चालू ठेवण्यासाठी एक छोटा प्रोग्राम टाकला होता आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता. त्याच मशीनवरून आम्ही बँकेचे व्यवहार करत होतो! मूळ माल पैसे मोजून घेतलेला, तो फेकून दिला आणि त्या जागी न विचारता चोरीचा घेतला. अशा सौद्याला बाजारात काय म्हणतात ते लिहायची गरज नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये पेढीवरचा दुसरा लॅपटॉप आजारी पडला. अपडेट चालू असताना बॅटरी संपली. मशीन सुरू होत होते, पण स्टार्टवर दाबले तर काही उघडेना, प्रिंटर दिसेना आणि विंडोज अपडेट अर्ध्यावर जाऊन माघारी फिरे. जीएसटीआर-1 भरण्याची 11 तारीख तोंडावर. दुरुस्तीवाल्याचा शब्द ठरलेलाच. आमचा भाचा कॉम्प्युटरचे शिक्षण घेतो, तो म्हणाला, “मामू, फॉरमॅट नको. आधी गोदाम तपासू.”

गोदाम हा शब्द त्याने आमच्या सोयीसाठी वापरला, पण तो बरोबर बसतो. विंडोज आपल्या प्रत्येक भागाची एक प्रत एका मोठ्या फोल्डरात ठेवते, त्याला कम्पोनंट स्टोअर म्हणतात. दुकानाच्या मांडणीवरचा तागा खराब झाला तर आपण गोदामातून दुसरा आणतो. ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा तेच काम करते, म्हणजे बिघडलेल्या फाइलच्या जागी स्टोअरमधली प्रत ठेवते. पण गोदामातच पाणी शिरले असेल तर? मग आधी गोदाम भरले पाहिजे. त्यासाठी ‘डीआयएसएम’ नावाचे हत्यार विंडोजमध्येच असते आणि त्याची आज्ञा ‘ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअर हेल्थ’ अशी. ती नवा माल साधारणपणे विंडोज अपडेटमधून मागवते. आमचे तर अपडेटच बंद पडलेले. तेव्हा माल आपल्या हाताने पुरवावा लागतो. तो असतो विंडोजच्या इन्स्टॉलेशन फाइलमध्ये.

ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट उतरवता येते. मीडिया क्रिएशन टूल नावाचा प्रोग्राम आयएसओ बनवून देतो. विंडोज 8 पासून आयएसओवर दोनदा क्लिक केले की ती सीडीसारखी उघडते. आत ‘सोर्सेस’ नावाचा फोल्डर, त्यात एकच अवजड फाइल. तिचे नाव कधी ‘इन्स्टॉल डॉट डब्ल्यूआयएम’ असते, तर या टूलने बनवलेल्या आयएसओत ‘इन्स्टॉल डॉट ईएसडी’. माल तोच, बांधणी वेगळी.

कापडवाल्याला हे एका वाक्यात कळेल. ईएसडी म्हणजे प्रेसवर दाबून पट्ट्या मारलेली गाठ. ट्रकमध्ये जागा कमी लागावी, म्हणजे इथे इंटरनेटवरून लवकर उतरावी, म्हणून ती इतकी दाबतात. पण गाठीतून एक तागा हवा तर पट्ट्या तोडाव्या लागतात. डब्ल्यूआयएम म्हणजे रॅकवर रचलेले तागे. जागा जास्त खातात, पण हवा तो हाताला लागतो. हा प्रकार मायक्रोसॉफ्टने 2007 साली विस्टाबरोबर बाजारात आणला. दुरुस्तीसाठी ईएसडीही बऱ्याच वेळा चालते. पण फाइल उघडून तिच्यात अपडेट किंवा ड्रायव्हर घालून ठेवायचा असेल तर डीआयएसएमला डब्ल्यूआयएमच लागते, ईएसडी तशी उघडता येत नाही.

आता एका गाठीत एकच माल नसतो. भाच्याने ‘गेट-इमेज इन्फो’ ही आज्ञा दिली तेव्हा आत सात नग निघाले. पहिला होम, तिसरा होम सिंगल लँग्वेज, सहावा प्रो, बाकी एज्युकेशन वगैरे. या क्रमांकाला इंडेक्स म्हणतात आणि सगळी गडबड इथेच होते. भाच्याने घाईत पहिला नग पुरवला. डीआयएसएमने बराच वेळ घेतला आणि ‘सोर्स फाइल्स सापडल्या नाहीत’ म्हणून परत पाठवले. फाइल समोर ठेवलेली असताना सापडत नाही म्हणतो, हे आम्हाला अजब वाटले. पण खरे तेच होते. साठ इंची पन्ह्याच्या ऑर्डरला चव्वेचाळीस इंची माल पाठवला तर घेणारा परतच करणार.

जुळायला हवे ते सगळे. आवृत्ती म्हणजे होम की प्रो, भाषा, आणि बिल्ड. मशीनवरचा बिल्ड ‘विनव्हर’ टाइप केले की दिसतो, आमचा 19045 होता. भाषेतही खोच आहे. इंग्लिश दोन प्रकारची येते, अमेरिकेची आणि इंटरनॅशनल, आणि दोन्ही वेगळ्या धरतात. आम्ही शाळेत उर्दूतून शिकलो, आम्हाला तर सगळी इंग्रजी एकच वाटते. कॉम्प्युटरला वाटत नाही. फाइल मशीनवरच्या अपडेटपेक्षा फार जुनी असेल तरीही हवा तो भाग तिच्यात मिळत नाही, म्हणून ताजी उतरवावी.

मग तिसरा नग गाठीतून वेगळा काढला. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, डीआयएसएमला ‘एक्सपोर्ट-इमेज’ सांगायचे, सोर्स ईएसडी, इंडेक्स तीन, डेस्टिनेशन डब्ल्यूआयएम. शेवटी ‘कॉम्प्रेस मॅक्स’ आणि ‘चेक इंटिग्रिटी’ लिहायचे. ‘कॉम्प्रेस मॅक्स’ विसरले तर नवी फाइल पुन्हा दाबलेल्या गाठीसारखीच बनते, नाव तेवढे डब्ल्यूआयएम. डिस्कवर बारा-पंधरा जीबी जागा मोकळी ठेवावी. आमच्या मशीनवर पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ पंख्याचा आवाज गिरणीसारखा येत होता. या कामासाठी इंटरनेटवर तऱ्हेतऱ्हेचे कन्व्हर्टर मिळतात. ते उतरवू नयेत. विंडोजमध्ये आहे त्याने होते.

त्यानंतर रिस्टोअर हेल्थ पुन्हा दिले, या वेळी सोर्स म्हणून नवी फाइल आणि सोबत ‘लिमिट ॲक्सेस’, म्हणजे अपडेटकडे जाऊ नकोस, समोरचाच माल घे. काटा शंभरावर गेला. मागोमाग एसएफसी. मशीन बंद करून चालू केले तर स्टार्ट उघडला, प्रिंटर दिसला. हिशोबाचे फोल्डर जिथे होते तिथेच. रिटर्न 10 तारखेला गेले, अल्हम्दुलिल्लाह.

हे करूनही मशीन सुधारले नसते तर अजून एक पायरी शिल्लक होती. विंडोज चालू असतानाच त्या आयएसओतली सेटअप फाइल चालवायची आणि ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडायचा. पूर्ण विंडोज नव्याने बसते, आपले सामान जागेवर राहते. फॉरमॅट त्याच्याही नंतर. आणि कोणतीही पायरी असो, हिशोबाच्या फोल्डरची कॉपी आधी बाहेर काढायची. हे आम्ही 38 हजारांत शिकलो.

गोदामावरच्या त्या चोरीच्या ‘प्रो’चे काय? पेढीवरचे काम झाल्यावर त्याच फाइलचा पेनड्राइव्ह बनवायला घेतला. तिथे नवी अडचण. आजकालची मशीने ज्या पेनड्राइव्हवरून सुरू होतात तो बहुधा एफएटी 32 पद्धतीचा असावा लागतो आणि त्या पद्धतीत चार जीबीची एक फाइल बसत नाही. आमची डब्ल्यूआयएम त्याच्या वर गेली होती. डीआयएसएमला ‘स्प्लिट-इमेज’ सांगून 3800 एमबीचे तुकडे केले, त्यांना एसडब्ल्यूएम म्हणतात. सेटअप हे तुकडे आपोआप जोडून घेतो. हिशोबाची कॉपी काढली, लॅपटॉप पुसला, पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉल झाल्यावर आम्ही की-नंबर शोधायला जुने बिल काढून बसलो, पण कोणी विचारलाच नाही. विंडोज 8 च्या काळापासून, म्हणजे 2012 पासून, कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच लिहिलेली असते. मशीनने ती वाचली, इंटरनेट जोडताच होम सिंगल लँग्वेज ॲक्टिव्हेट झाले. तीन वर्षे आम्ही चोरीचा माल वापरला आणि आपला हक्काचा पेटीतच पडून होता.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आमची टीपीएम 2.0 असलेली मशीने आता विंडोज 11 वर आहेत, तिथेही ईएसडी, डब्ल्यूआयएम आणि इंडेक्सचा हिशोब हाच. पेनड्राइव्ह गल्ल्यात चावीच्या शेजारी असतो. त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, आवृत्ती, भाषा, बिल्ड आणि उतरवल्याची तारीख. विंडोजचा मोठा अपडेट आला की भाचा सुट्टीच्या दिवशी येऊन फाइल बदलतो आणि जुनी चिठ्ठी काढून नवी लावतो. मागच्या महिन्यात शेजारचे आढतिये तो पेनड्राइव्ह मागायला आले होते. त्यांचे मशीन प्रोचे. आम्ही सांगितले, ही फाइल तुमच्या कामाची नाही, इंडेक्स सहा काढून देतो, उद्या या.