व्हिडिओ सॉफ्टवेअरचा पाया : जुना की नवा?

डेस्कटॉप संगणकासाठी व्हिडिओ सॉफ्टवेअर बनविणाऱ्या लहान उद्योजकाला सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा लागतो. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम कोणत्या ग्राफिक्स फ्रेमवर्कवर सोपवावयाचे? हा निर्णय चुकला तर केलेली मेहनत पुन्हा करावी लागते आणि भांडवलही अडकते. म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्राम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातील दुभाषी. ओपन-जीएल १९९२ साली आले आणि विंडोज, मॅक, लिनक्स या सर्वांवर चालू लागले. विंडोजचे स्वतःचे डायरेक्ट-थ्रीडी आहे. त्याची ९ वी आवृत्ती २००२ ची, ११ वी २००९ ची व १२ वी २०१५ ची. मॅकवर २०१५ पासून मेटल आहे.

जुने ते स्वस्त, हा समज येथे तपासून घ्यावा. ४के व्हिडिओची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० पिक्सेलची असते. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एका फ्रेमचे सुमारे ३ कोटी ३२ लाख बाइट होतात. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे जवळजवळ ८३ कोटी बाइट! कार्डाने उलगडलेली फ्रेम मुख्य मेमरीत आणून पुन्हा कार्डाकडे पाठविली, तर हा बोजा दोनदा वाहावा लागतो. मग चित्र अडखळते आणि ग्राहक तक्रार घेऊन येतो. तेव्हा फ्रेम उलगडल्यापासून पडद्यावर जाईपर्यंत कार्डातच राहील, अशी सोय ज्यात आहे ते फ्रेमवर्क निवडावे.

केवळ विंडोजचा ग्राहक असेल तर आमच्या मते डायरेक्ट-थ्रीडी ११ पुरेसे आहे. विंडोज ८ पासून व्हिडिओ उलगडण्याची सोय त्यातच आहे, एचडीआर चित्रही दाखविता येते, आणि बरीच जुनी कार्डेही मर्यादित क्षमतेने त्यावर चालतात. १२ व्या आवृत्तीत मेमरी सांभाळण्याची व कामाचा क्रम जुळविण्याची बरीचशी जबाबदारी प्रोग्रामरवर येते. दोन-तीन माणसांच्या संस्थेने गरज नसताना हे ओझे घेऊ नये.

मॅकचे गणित वेगळे आहे. ॲपलने २०१८ साली ओपन-जीएल कालबाह्य ठरविले. ते आजही चालते, परंतु तेथे ४.१ या आवृत्तीपुढे गेलेले नाही. जुने सॉफ्टवेअर त्यावर चालू ठेवता येईल. नवे काम मात्र मेटलवरच सुरू करावे.

एक पथ्य सर्वांनीच पाळावे. चित्र काढण्याचा भाग बाकीच्या प्रोग्रामपासून वेगळा लिहावा. उद्या फ्रेमवर्क बदलले तर तेवढाच भाग बदलावा लागेल, सगळे दुकान हलवावे लागणार नाही. आणि पहिली ओळ लिहिण्यापूर्वी आपल्या दहा ग्राहकांकडे कोणते संगणक आहेत, याची यादी करावी. निम्मा निर्णय ती यादीच करून देईल.