मोटार बंद पडली म्हणून विहीर बुजवू नका



गेल्या पंधरवड्यात गट ऑफिसात आमच्यावर एक प्रसंग आला. संगणकावरचा थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्रॅम आम्ही सकाळी अपग्रेड केला आणि दुपारी तो काही केल्या उघडेना. आत तुमचे माती परीक्षणाचे अहवाल, ठिबकची अंदाजपत्रके, बेण्याच्या मागणीची पत्रे! "साहेब, सगळं पुसून नव्यानं टाकू," असे एक सहकारी म्हणाले. आमचाही हात तिकडेच वळला होता. पण थांबलो, म्हणून निभावले. चूक आमचीच होती. आधीचा प्रोग्रॅम नीट बंद न करताच आम्ही नवा उघडत होतो. संगणक बंद करून परत चालू केला आणि मेल उघडली.

आता बऱ्याच सभासदांच्या घरी संगणक आहे. त्यांच्यासाठी या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

प्रोग्रॅम ही मोटार समजा. पाणी असते विहिरीत. या विहिरीला 'प्रोफाइल' म्हणतात आणि तिचे फोल्डर प्रोग्रॅमपासून वेगळे असते. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला तरी पत्रे सहसा जात नाहीत. प्रोफाइल पुसले तर मात्र जातात. खाते 'आयमॅप' पद्धतीचे असेल तर पत्रे सर्व्हरवरही राहतात. 'पॉप' असेल तर पुष्कळदा एकुलती एक प्रत आपल्याच संगणकात असते. तेव्हा जपून.

१) 'प्रोग्रॅम आधीच चालू आहे' अशा अर्थाची सूचना आली, तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, असा आमचा अनुभव.

२) तरीही उघडत नसेल तर शिफ्टची कळ दाबून धरून प्रोग्रॅम उघडावा. अशाने वरून जोडलेली ॲड-ऑन बाजूला ठेवता येतात. आता उघडला, तर दोष ॲड-ऑनचा. २०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची ॲड-ऑन चालत नाहीत.

३) प्रोग्रॅम उघडला पण रिकामा दिसला, नवीन खाते मागू लागला, तर घाबरू नये. २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचे प्रोफाइल मिळते, त्यामुळे कधी तो नव्याच विहिरीवर जाऊन बसतो. प्रोफाइल मॅनेजर उघडून जुने प्रोफाइल निवडावे.

४) वैतागून जुनी आवृत्ती परत टाकू नये. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहसा स्वीकारत नाही.

लागणीआधी आपण बेणेप्रक्रिया करतो की नाही? तसेच अपग्रेडच्या आधी प्रोग्रॅम बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. हेल्प मेनूतील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये त्या फोल्डरची जागा सापडते. पाच-दहा मिनिटांचे काम आहे, पण कैक वर्षांची पत्रे वाचतात.

तरीही अडले, तर काहीही पुसण्याआधी गट ऑफिसला या. मिळून बघू.