पदवीनंतरची मुदत

परदेशी विद्यापीठाची पदवी आणि त्या देशात काही काळ नोकरी करण्याची मुभा या दोन गोष्टी एकाच पाकिटात मिळतात, असा समज महाराष्ट्रात बराच रूढ आहे. प्रत्यक्षात त्या निरनिराळ्या नियमांनी ठरतात आणि पहिली हाती आली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. अहिल्यानगर–पाथर्डी रस्त्यावरचे तिसगाव हे अवर्षणप्रवण पाथर्डी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे, आणि या तालुक्याला स्थलांतर नवे नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणारी मुले हे त्याचे जुने प्रकार होत. परंतु या स्थलांतरांत परतीची वाट कोणत्याही सरकारी परवान्यावर अवलंबून नसे. अशाच एखाद्या कुटुंबाने मुलाला वा मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी पाठवायचे ठरवले, की पुढच्या दोन-तीन वर्षांचा सारा हिशेब ज्या एका परवानगीवर उभा राहतो, ती म्हणजे शिक्षणोत्तर कामाचा परवाना.

विद्यार्थी म्हणून मिळालेल्या वास्तव्याची मुदत संपत आल्यावर, कोणत्याही कंपनीने हमी घेतलेली नसतानाही, त्या देशात ठरावीक काळ राहून नोकरी शोधण्याची व करण्याची जी परवानगी मिळते, तिला हे नाव आहे. शिकत असताना आठवड्याला ठरावीक तास काम करण्याची सवलत ही वेगळी गोष्ट आहे, आणि मालकाच्या प्रायोजकत्वावर मिळणारा नोकरीचा व्हिसा ही आणखी वेगळी. शिक्षणोत्तर परवाना हा या दोहोंमधला पूल असून त्याची लांबी प्रत्येक देशात निराळी आहे. त्यासाठीची पात्रता बहुतांशी प्रवेश घेतानाच, म्हणजे संस्था, अभ्यासक्रम आणि त्याचा कालावधी निवडतानाच, ठरून गेलेली असते. मुदत किती मिळणार हे मात्र पुष्कळदा अर्ज करण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे त्यावर ठरते. अडचणींचे मूळ या दोन तारखांमधल्या अंतरात आहे.

ब्रिटनच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. पदवीनंतर दोन वर्षे काम करण्याची तिथली जुनी सोय एप्रिल २०१२ मध्ये, थेरेसा मे गृहमंत्री असताना, बंद करण्यात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने ती पुन्हा आणण्याची घोषणा केली आणि १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने ती सुरू झाली. पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी दोन वर्षे आणि पीएचडीसाठी तीन वर्षे अशी तिची मुदत होती. तिथल्या स्थलांतर सल्लागार समितीने मे २०२४ मध्ये ही सोय चालू ठेवण्याची शिफारस केली, आणि तिचा लाभ घेणाऱ्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक भारतीय आहेत हेही नोंदवले. तथापि तिथल्या सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने दोन वर्षांचे अठरा महिने करण्याचे जाहीर केले आणि पुढे तो बदल १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना लागू करण्याचे ठरले. पीएचडीची तीन वर्षे कायम राहिली.

या तारखेचा परिणाम प्रवेशाच्या महिन्यावर कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका वर्षाच्या एमएससीला गेलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध सप्टेंबर २०२६ च्या आसपास सादर होतो आणि निकाल बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो. निकाल वेळेत लागून अर्ज ३१ डिसेंबरपर्यंत गेला तर दोन वर्षे, परीक्षा मंडळाची बैठक लांबून तो जानेवारीत गेला तर दीड वर्ष. त्याच अभ्यासक्रमाला जानेवारी २०२६ च्या तुकडीत गेलेल्याला तर निवडीला वावच राहत नाही, कारण त्याचे वर्षच २०२७ उजाडल्यावर पूर्ण होते. गुणवत्ता सारखी, शुल्क सारखे, वर्गही कदाचित तोच. सहा महिन्यांचा फरक पडतो तो केवळ दिनदर्शिकेमुळे.

पात्रतेच्या बाकीच्या अटी वरवर साध्या वाटतात, पण चूक तिथेच होते. अर्ज करताना विद्यार्थी-व्हिसा चालू असावा लागतो, अर्जदार ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष हजर असावा लागतो, अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने तिथल्या गृहखात्याला कळवलेले असावे लागते, आणि हा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो. प्रबंध दिला म्हणजे शिक्षण संपले अशा समजुतीने घरच्या लग्नासाठी तिसगावला आलेला विद्यार्थी व्हिसाची मुदत संपेपर्यंत इथेच राहिला, तर भारतातून हा अर्ज करण्याची सोय त्याला नाही. पदवी टपालाने घरी येईल, कामाची मुभा मात्र गेलेली असेल. नोकरीचे पत्र वा बँकेतील शिल्लक या अर्जासाठी दाखवावी लागत नाही ही सवलत खरी; पण २०२५ च्या दरांप्रमाणे अर्जाचे ८८० पौंड आणि आरोग्य सेवेचा दरवर्षी १,०३५ पौंडांचा अधिभार, म्हणजे दोन वर्षांच्या मुदतीसाठी एकूण २,९५० पौंड, एकरकमी भरावे लागत, आणि तेही मिळकत सुरू होण्याच्या आधी. कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकात शिक्षणशुल्क असते, वसतिगृहाचा खर्च असतो. ही रक्कम बहुधा नसते.

मुदत संपल्यावर ती वाढवून मिळत नाही. पुढे राहायचे तर गृहखात्याकडे नोंदणी असलेल्या मालकाने प्रायोजकत्व देऊन कुशल कामगाराचा व्हिसा मिळवून द्यावा लागतो, आणि त्यासाठी जुलै २०२५ पासून किमान वार्षिक पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड झाली आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ‘नवप्रवेशी’ म्हणून ३३,४०० पौंडांपर्यंत सूट असली, तरी काम पदवीच्या दर्जाचेच असावे लागते. दुकानात वा गोदामात काम करून दीड वर्ष निभावता येते, मात्र त्या कामाच्या आधारे हा व्हिसा मिळत नाही.

या मुदतीचा खरा अर्थ बँकेच्या कागदांत उलगडतो. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष एवढी हप्त्यांना सवलत असते, व परतफेड पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. सप्टेंबर २०२६ मध्ये गेलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२७ मध्ये संपला, परवाना २०२८ च्या प्रारंभी हाती आला, तर तो २०२९ च्या मध्यापर्यंत चालेल आणि हप्ते २०२८ च्या शरदात सुरू होतील. म्हणजे पौंडांत कमवून हप्ता भरण्याचे हमखास महिने जेमतेम नऊ-दहा, आणि प्रायोजक मिळाला नाही तर उरलेली सारी परतफेड रुपयांतल्या पगारातून. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पत हमी योजनेमुळे तारण लागत नाही. पण ब्रिटनमधील एका वर्षाचा एकूण खर्च सहसा त्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि मग तारणाचा प्रश्न येतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे, परंतु त्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली आहे. त्यामुळे सातबाऱ्यावर दहा एकर जिरायत असली तरी बँकेचा अधिकारी बिगरशेती प्लॉट, पक्के घर किंवा मुदत ठेव मागतो. ज्या कुटुंबाकडे जमिनीखेरीज दुसरे काही नाही, त्याला मग विनातारण पण चढ्या व्याजाने कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांकडे वळावे लागते किंवा जमीनच विकावी लागते. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली तरतूद इथे त्याच्याच मुलाला महाग पडते.

अमेरिकेत या परवानगीला व्हिसा म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांच्या एफ-१ दर्जाचाच तो एक भाग असून ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ म्हणजे ओपीटी या नावाने तो ओळखला जातो. किमान एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेल्याला बारा महिने मिळतात, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या ‘स्टेम’ गटातील पदवी असेल तर आणखी चोवीस. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेतील ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ९७,५५६ जण ओपीटीवर होते, म्हणजे दर दहांतील जवळजवळ तिघे शिकत नव्हते, काम करीत किंवा शोधत होते. अभ्यासक्रम स्टेममध्ये बसतो की नाही, हे त्याच्या नावावरून नव्हे तर आय-२० या प्रवेशपत्रावर छापलेल्या सहा अंकी वर्गीकरण क्रमांकावरून ठरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला विद्यार्थी मृदाशास्त्र वा अन्नविज्ञानाला गेला तर त्याला छत्तीस महिने मिळू शकतात, आणि सर्वसाधारण एमबीएला गेला तर बारा. म्हणून काही विद्यापीठांनी व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम संख्याशास्त्राच्या अंगाने नव्याने बांधून स्टेम क्रमांकाखाली आणले आहेत. ही चलाखी असली तरी विद्यार्थ्याच्या फायद्याची आहे.

ओपीटीच्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ बेकार राहता येत नाही, स्टेमची मुदतवाढ मिळाल्यास दोन्ही मिळून दीडशे दिवस; आणि मुदतवाढीसाठी मालक ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेला असावा लागतो. शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पूर्णवेळ प्रशिक्षण घेण्याची जी वेगळी सोय आहे, ती बारा महिने वापरली तर त्या पातळीवरील ओपीटीचा हक्कच जातो. पुढचा, मालकाच्या प्रायोजकत्वावरचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा दरवर्षी ६५,००० अधिक अमेरिकी पदव्युत्तर पदवीधरांसाठी २०,००० एवढ्या मर्यादेत निवड करून दिला जातो, म्हणून छत्तीस महिने असणाऱ्याला निवडीच्या साधारण तीन संधी येतात आणि बारा महिने असणाऱ्याला एखादीच. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या एच-१बी अर्जांवर लादलेले एक लाख डॉलर अमेरिकेत राहूनच दर्जा बदलणाऱ्यांना लागू नाहीत, असे नंतर स्पष्ट करण्यात आले; त्यामुळे मायदेशी परतून पुन्हा जाण्यापेक्षा तिथेच टिकून राहण्याला आता रोख किंमत आली आहे.

कॅनडाने २०२४ मध्ये सर्वाधिक उलथापालथ केली. तिथे किमान आठ महिन्यांच्या मान्य अभ्यासक्रमानंतर जास्तीत जास्त तीन वर्षांचा परवाना मिळतो, परंतु सरकारी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम परवान्यावर घेऊन शिकवणाऱ्या खासगी महाविद्यालयांचे नवे विद्यार्थी त्या वर्षी अपात्र ठरले. प्रमाणपत्रावर सरकारी महाविद्यालयाचे नाव आहे, एवढ्याने भागेनासे झाले. नोव्हेंबर २०२४ पासून भाषा-परीक्षेची अट आली, आणि पदवी नसलेल्या पदविका-अभ्यासक्रमांना ठरावीक क्षेत्रांचे बंधन पडले.

ऑस्ट्रेलियातील अडचण वयाची आहे, आणि ती महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीला थेट भिडते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची मर्यादा ३५ आणि पीएचडीसाठी ४० आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून पदवीधरांच्या तात्पुरत्या व्हिसासाठी वय ३५ किंवा त्याहून कमी हवे असे ठरवले, संशोधनाच्या पदव्यांना मात्र ५० पर्यंत सूट ठेवली. परिणामी चौतिसाव्या वर्षी राज्य सरकारच्या पैशाने दोन वर्षांच्या अध्यापनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेलेला विद्यार्थी पदवी घेईल, पण भारतीयांना व्यापार करारामुळे मिळू शकणारी तीन वर्षे त्याला मिळणार नाहीत. उशिरा शिकणाऱ्यांसाठी राज्याने उघडलेले दार परदेशातील नियमाने असे निम्मे बंद होते.

शिष्यवृत्तीला स्वतःच्याही अटी असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याच्या करारावर त्यांना सही करावी लागली होती, आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजूही झाले. तेव्हा प्रश्न पैसा देणाऱ्याचा होता. आजच्या शिष्यवृत्तीधारकाला पैसा देणाऱ्याचे हमीपत्र आणि यजमान देशाचा परवाना असे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात.

जर्मनीत पदवीधराला नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा वास्तव्य परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्याने कर्जाचा डोंगरही तुलनेने लहान राहतो. तरीही ग्रामीण महाराष्ट्रात या पर्यायाची जाहिरात कमी दिसते, आणि त्यामागे भाषेच्या अडचणीइतकेच दलालीचे अर्थकारण आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. विद्यार्थ्यांना प्रवेश मिळवून देणारे सल्लागार त्या नोंदणीच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे उत्पन्न मुख्यतः शुल्क घेणाऱ्या परदेशी विद्यापीठांकडून दर प्रवेशामागे मिळणाऱ्या कमिशनमधून येते, आणि ते कमिशन विद्यार्थ्याने शुल्क भरून वर्ग सुरू केले की पदरात पडते. त्यानंतर वर्षभराने त्याला अठरा महिने मिळाले, छत्तीस मिळाले की काहीच मिळाले नाही, याचा त्या रकमेशी संबंध उरत नाही.